चिखलालाही कारण हवे : तरंगत्या रणगाड्याच्या प्रतिकृतीचा एक पाठ



यंदाच्या हस्तकला प्रदर्शनात नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेली रणगाड्याची प्रतिकृती आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. ती एकदा पूर्ण होऊन पुन्हा अर्धी पुसून काढावी लागली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यात विद्यार्थ्यांच्या चुकीपेक्षा आमची चूक मोठी होती. ती चूक आणि तिच्यातून मिळालेला धडा इतर विद्यार्थ्यांच्याही कामी यावा, म्हणून या अंकात विज्ञान व कला या दोन्ही विषयांना धरून हा पाठ देत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्याने कुठे शब्द अडखळला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१. आधी वाहन ओळखा

प्रतिकृती होती पीटी-७६ या रणगाड्याची. सोव्हिएत संघाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हा हलका रणगाडा आपल्या सैन्यात घेतला. तो जमिनीवर चालतो आणि पाण्यात तरंगत पुढेही जातो. वजन सुमारे १४ टन, तोफेचा व्यास ७६ मिलीमीटर, आत माणसे तीन : कमांडर, तोफेत गोळा भरणारा आणि चालक. जमिनीवर वेग ताशी सुमारे ४४ किलोमीटर, तर पाण्यात सुमारे १०. मागच्या बाजूस दोन झोत-यंत्रे असतात. ती पाणी ओढून मागे जोराने फेकतात व रणगाडा पुढे सरकतो. पाण्यात उतरण्यापूर्वी पुढची आडवी फळी उभी करायची असते, म्हणजे लाट वर चढत नाही. आत शिरलेले पाणी उपसण्यासाठी पंपही असतात.

हलका असल्याने तो तरंगतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते. याचे चिलखत अगदी पातळ असते. बंदुकीच्या गोळीपासून ते वाचवते, दुसऱ्या रणगाड्याच्या तोफगोळ्यापासून नाही. यात बसून शत्रूच्या रणगाड्यासमोर जाणे म्हणजे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आपल्या सैन्यात हे रणगाडे १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत होते. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी पहाटेच्या धुक्यात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील जेसोर भागात गरीबपूर येथे ४५ कॅव्हलरीच्या एका स्क्वाड्रनने १४ पंजाब या पलटणीच्या साथीने पाकिस्तानच्या शॅफी रणगाड्यांचा हल्ला मोडून काढला. स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारग त्या लढाईत कामी आले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. या लढाईवर २०२३ मध्ये ‘पिप्पा’ हा हिंदी चित्रपट आला. पंजाबी जवान तुपाच्या रिकाम्या डब्याला पिप्पा म्हणतात. रिकामा डबा पाण्यावर तरंगतो, म्हणून या रणगाड्याला त्यांनी प्रेमाने दिलेले ते नाव.

२. थोडे गणित

आमच्याकडे आलेले किट एका माजी विद्यार्थ्याने शाळेस भेट दिलेले होते. त्याचे प्रमाण १ : ३५, म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे ३५ सेंटीमीटर प्रतिकृतीवर १ सेंटीमीटर. खऱ्याचे धड सुमारे ६.९ मीटर लांब आणि ३.१४ मीटर रुंद. ३५ ने भागल्यास सुमारे १९.७ आणि ९ सेंटीमीटर येतात. आपली कंपासपेटी डोळ्यांसमोर आणा, जवळजवळ तेवढेच.

आता हेच गणित उलट करा. प्रतिकृतीवर १ मिलीमीटरचा ओरखडा काढला, तर खऱ्या रणगाड्यावर तो ३.५ सेंटीमीटर रुंद होतो. ५ मिलीमीटरचा रंग उडालेला डाग म्हणजे खऱ्यावर १७.५ सेंटीमीटर, जवळजवळ वीतभर. अर्ध्या मिलीमीटरचा वाळूचा कण म्हणजे जवळपास बोराएवढा खडा. म्हणून रंगाचा प्रत्येक ठिपका टाकण्याआधी मनात ३५ ने गुणायचे. ही सवय आधी लागली असती, तर पुढची फजिती टळली असती.

वजनाचा हिशेब आणखी गमतीचा आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ३५ पटींनी लहान होतात, म्हणून वजन ३५ × ३५ × ३५, म्हणजे ४२,८७५ पटींनी कमी व्हायला हवे. १४,००० किलोला या संख्येने भागा : सुमारे ३२७ ग्रॅम. बंद, पाणी न शिरणारी प्रतिकृती बरोबर एवढ्या वजनाची केली, तर ती खऱ्या रणगाड्याइतकीच, त्याच रेषेपर्यंत बुडेल. आर्किमिडीजचे तत्त्व लहान-मोठे पाहत नाही. ही पाण्याची रेषा लक्षात ठेवा, रंगकामात तिचे मोठे काम आहे.

३. रंगाचे थर

पहिला थर स्वच्छतेचा. साच्यातून काढताना प्लास्टिकवर तेलकटपणा राहतो. भांडी घासायच्या साबणाने सुटे भाग हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवावेत. सांध्यांवर बारीक पॉलिश पेपर फिरवावा. त्यानंतर करड्या प्राइमरचा पातळ हात द्यावा. प्राइमरमुळे रंग धरतो आणि राहून गेलेल्या भेगाही दिसतात.

दुसरा थर मूळ रंगाचा, आपल्या सैन्याचा गडद हिरवा. डबीतला रंग जसाच्या तसा लावला, तर लहान वस्तूवर तो काळपट दिसतो. मोठा रणगाडा उन्हात, थोड्या अंतरावरून पाहिला की मधल्या हवेमुळे व प्रकाशामुळे फिकट वाटतो. म्हणून रंगात थोडा पिवळसर मातकट रंग मिसळावा. पांढरा मिसळल्यास हिरव्याला खडूसारखी छटा येते, त्यामुळे तो टाळावा. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्यावेत. एअरब्रश नसला तरी रुंद, मऊ कुंचल्याने काम होते. आमच्या विद्यार्थ्यांनी तसेच केले.

तिसरा थर पारदर्शक वार्निशचा. हा थर का हवा, हे आम्ही स्वतः नुकसान करून शिकलो. सरावासाठी घेतलेल्या एका जुन्या प्लास्टिकच्या खेळण्यावर आम्ही कपाटात उरलेला इनॅमल रंग दिला आणि त्यावरच टर्पेंटाइनमध्ये कालवलेला तपकिरी रंग फिरवला. दोन मिनिटांत खालचा हिरवा रंग कुंचल्याबरोबर निघून आला. वर्गात हशा पिकला, पण रसायनशास्त्राचा धडा मिळाला. ज्या द्रवात वरचा रंग विरघळतो, त्यातच खालचाही विरघळत असेल, तर दोन्ही एक होणारच. यावर उपाय म्हणजे खाली पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग, त्यावर ॲक्रिलिक वार्निश, पूर्ण एक दिवस वाळवण, आणि मग वर ऑइल पेंट. ऑइल पेंट पातळ करण्यासाठी मिनरल टर्पेंटाइन घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानातील एन.सी. थिनर चुकूनही घेऊ नये. तो रंगच नव्हे, तर प्लास्टिकही खातो. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

क्रमांक आणि चिन्हे या वार्निशच्या गुळगुळीत थरावर, पाण्यात भिजवून चिकटवायची असतात.

४. झीज आणि मळ

यानंतर खरे काम सुरू होते. इंग्रजी पुस्तकांत याला वेदरिंग म्हणतात. विद्यार्थ्यांनी मराठी शब्द विचारला. आम्ही विचारात पडलो, तेव्हा एका विद्यार्थिनीच्या आजीने सुचवले, ‘जुनवट करणे’. शब्द सर्वांना पटला.

जुनवट करण्याची पहिली रीत म्हणजे सांध्यांत पातळ गडद तपकिरी रंग सोडणे. बारीक कुंचल्याचे टोक झाकणाच्या कडेला किंवा बोल्टच्या मुळाशी टेकवले की रंग आपोआप सांध्यातून धावतो. बाहेर सांडलेला रंग कापसाच्या काडीने टिपून घ्यावा. दुसरी रीत म्हणजे रंग उडाल्याचे दाखवणे. स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, बराचसा कागदावर टिपून, मग कडांवर हलकेच टेकवावा. चकचकीत चंदेरी रंग वापरू नये. रंग उडालेले लोखंड उघड्यावर लवकरच काळवंडते.

तिसरी रीत मातीची. यासाठी महाग सामान लागत नाही. गेरू, पिवळी माती (जिला इकडे रामरज म्हणतात), काजळी आणि फळ्याच्या खडूची पूड मलमलीतून गाळून घेतली, की हव्या त्या छटा तयार होतात. मिनरल टर्पेंटाइनचे थेंब टाकून ही पूड बसवता येते.

आमच्या दोन विद्यार्थ्यांनी या तिन्ही रीती मनापासून शिकून घेतल्या आणि मग हात आवरला नाही. टरेटवर गंज, तोफेवर गंज, झाकणांवर गंज. शाळेच्या मैदानातली काळी माती गाळून ती चाकांपासून थेट टरेटच्या माथ्यापर्यंत थापली. आठ आठवड्यांचे काम होते. प्रतिकृती रणांगणातून आल्यासारखी दिसत होती. आम्ही प्रार्थनेच्या वेळी ती सर्वांना दाखवली, शाबासकी दिली आणि प्रदर्शनात पहिल्या टेबलावर ठेवायचे जाहीर केले.

५. आजोबांचे दोन प्रश्न

प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी त्यांच्यापैकी एकाचे आजोबा शाळेत आले. पंच्याहत्तरी ओलांडलेले, रणगाडा दलातून निवृत्त झालेले, याच जातीच्या रणगाड्यावर चालक म्हणून काम केलेले. त्यांनी चष्मा पुसला, प्रतिकृती उचलून चारी बाजूंनी पाहिली आणि नातवाला विचारले, “बाळा, ही माती कुठली?”

“शाळेच्या मैदानातली, आजोबा.”

“तेच म्हटले. रणगाडा बंगालच्या लढाईतला आणि चिखल माळव्याचा?”

मुले हसली. आजोबा हसले नाहीत. त्यांनी टरेटवरच्या गंजाकडे बोट दाखवले. “आणि हे काय? आम्ही रोज सकाळी हिला पुसत होतो. तेलपाणी, साखळपट्टा, झाकणांचे रबर, सगळे तपासल्याशिवाय चहा मिळत नसे. झाकणाच्या रबरात खडा राहिला तर नदीत पाणी आत येते, पोरांनो, आणि आत आम्ही तिघे असतो. तुमचा हा गंज सांगतो, की यात बसणारी माणसे आळशी होती.”

खोलीत कोणी बोलेना. आम्हांला अधिक लाज वाटली, कारण या गंजाला शाबासकी आम्हीच दिली होती. दिसायला छान, एवढेच पाहिले होते. ज्यांच्या हातून हे यंत्र चालले, त्यांच्याविषयी आपण काय म्हणत आहोत, हे पाहिले नव्हते. त्या लढाईतली माणसे आज उत्तर द्यायला समोर नाहीत. त्यांच्याविषयी चुकीचे सांगितले, मग ते शब्दांत असो की रंगांत, तर ते खोडून कोण काढणार?

आम्ही दोघा विद्यार्थ्यांना म्हटले, की प्रदर्शनाला दहाच दिवस आहेत, आहे तशी ठेवली तरी कोणी काही म्हणणार नाही. ठरवायचे तुम्ही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही कापूस आणि मिनरल टर्पेंटाइन घेऊन हजर होते. वार्निशचा थर मध्ये असल्यामुळे गंज आणि चिखल निघाला, खालचा हिरवा रंग व क्रमांक शाबूत राहिले. सरावाच्या खेळण्यावर झालेले नुकसान असे उपयोगी पडले.

६. तीन प्रश्नांची रीत

दुसऱ्यांदा काम करताना आम्ही एक नियम केला. प्रत्येक डागाला तीन प्रश्न विचारायचे : कुठे, केव्हा, कोणामुळे? उत्तर नसेल तर डाग नको.

*कुठे?* ठिकाण गंगेच्या त्रिभुज प्रदेशातले. तिथला गाळ बारीक. ओला असता गडद करडा-तपकिरी, वाळला की फिकट राखी. माळव्याची काळी माती वाळल्यावरही काळीच राहते, म्हणून ती बाद. खडूची पूड, थोडी काजळी आणि चिमूटभर रामरज यांतून हवी ती छटा मिळाली.

*केव्हा?* प्रतिकृती एकाच क्षणाची असते. रणगाडा आत्ताच पाण्यातून वर आला आहे, की दोन तास उन्हात उभा आहे? आत्ताच आला असेल, तर पाण्याच्या रेषेखालचा भाग ओला, गडद आणि चकाकणारा हवा. साखळपट्ट्यांतला चिखल पाण्याने बराचसा धुतलेला, पण काठ चढताना चाकांवर ताजा चिखल उडालेला. दोन तास झाले असतील, तर सगळे कोरडे आणि फिकट. दोन्ही एकदम दाखवता येत नाही. विद्यार्थ्यांनी नुकताच वर आलेला रणगाडा निवडला. तरंगताना याचे बहुतेक धड पाण्याखाली असते, वर दिसतो तो धडाचा माथा आणि टरेट. म्हणून ओल्याची रेषा धडाच्या वरच्या काठाच्या जराशी खाली, आणि ती पुढून मागे सरळ. तिच्याखाली चमकदार वार्निश, वर चमक नसलेले. रेषेवर गाळाची एक बारीक फिकट कड आणि तिथून खाली उतरणारे पाण्याचे ओघळ. ओघळ नेहमी सरळ खाली येतात. पहिल्या प्रतिकृतीत ते तिरपे गेले होते आणि आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

*कोणामुळे?* रंग झिजतो तो माणसांच्या वावराने. चालक पुढून चढतो, तेव्हा पाय कुठे ठेवतो? टरेटचे मोठे झाकण उघडताना हात कुठे पडतो? त्याच जागी कडा झिजलेल्या हव्यात. जिथे पाय पोचत नाही, तिथे रंग शाबूत. धुळीचे बुटांचे ठसे माथ्यावर चालतील, बाजूंवर नाहीत.

गंजाविषयी शेवटचे. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे आपण आठवीत शिकतो. या रणगाड्याचे धड पोलादी आहे, म्हणून गंज चढणे अशक्य नाही. काही उभयचर लष्करी वाहनांचे धड ॲल्युमिनियमचे असते. त्यांवर तांबूस गंज दाखवला, तर ती सरळच चूक होय. पण पोलादावरही रंग आणि रोजची निगा असताना गंज थोडाच. तो खरा दिसतो साखळपट्ट्यांवर, कारण ते जमिनीवर घासून रंग टिकत नाही. तिथेही घासणारा भाग चकचकीत, आणि खाचांत तेवढा पातळ तांबूसपणा. विद्यार्थ्यांनी पेन्सिलीचे शिसे बोटाने घासून ती चकाकी आणली. एवढाच गंज ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी आजोबा पुन्हा आले. प्रतिकृती बराच वेळ पाहून म्हणाले, “आता बसायला हरकत नाही.”

७. पालकांच्या एका शंकेविषयी

काही पालकांनी आणि विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, की शाळेत युद्धाची खेळणी कशाला? शंका योग्य आहे. आमचे उत्तर असे : खेळण्याने मूल ‘ढिशूम’ म्हणते आणि विसरून जाते. या प्रतिकृतीने दोन मुलांना पातळ चिलखत, तीन माणसे आणि झाकणाच्या रबरातला एक खडा यांचा विचार करायला लावला. प्रतिकृतीशेजारी त्यांनी स्वतः लिहिलेला फलक होता. त्यात मेजर नारग यांचे नाव होते, आणि समोरच्या रणगाड्यांतही माणसेच होती, हे वाक्यही होते. ते वाक्य आम्ही सांगितलेले नव्हते.

स्वाध्याय

१. घरातील एखादी जुनी वस्तू घ्या : आजीचा अडकित्ता, सायकलची घंटा, पाण्याचा तांब्या. तिच्यावर कुठे झीज आहे ते पाहा आणि प्रत्येक खुणेला कुठे, केव्हा, कोणामुळे हे तीन प्रश्न विचारून दहा ओळी लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय उत्तर पूर्ण धरले जाणार नाही.

२. तेलाचा रिकामा, झाकण घट्ट लागणारा लहान डबा पाण्यात सोडा. त्यात थोडी थोडी वाळू भरत जा आणि दर वेळी पाण्याची रेषा खुणेने दाखवा. डब्याचे वजन व बुडालेला भाग यांचा तक्ता करा.

३. १ : ३५ प्रमाणात आपल्या शाळेचा दरवाजा किती सेंटीमीटरचा होईल? मोजून काढा.

४. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे. सुट्टीत तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही एका रणगाड्याच्या झिजलेल्या जागांचे चित्र काढून आणावे. पुढील अंकात निवडक चित्रे छापू.

पुसून पुन्हा केलेल्या कामाला या शाळेत कमी गुण मिळणार नाहीत, याची खात्री असू द्या.

— प्राचार्य